परदेशातला आरोग्यविमा : एक पॉलिसी संपते, दुसरी सुरू व्हायची असते, त्या मधल्या दिवसांचं काय?

चांदणवेल
खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज लिहितेच.

गेल्या वर्षी नोकरी बदलून आम्ही दोघं एका देशातून अमेरिकेत आलो. जुन्या कंपनीचा विमा कामाच्या शेवटच्या दिवशी संपला. नवी नोकरी नऊ तारखेला सुरू झाली आणि नवा विमा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होणार होता. नेमणुकीच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे, असं वाटलं.

अकराव्या दिवशी नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग खाली उजवीकडे. रात्री दोन वाजता इमर्जन्सीत पोचलो. अपेंडिक्स होतं, सकाळी ऑपरेशन झालं.

विम्याचं कार्ड नाही म्हणून कोणी अडवलं नाही, हे आधी सांगते, कारण या भीतीने लोक घरीच दुखणं अंगावर काढतात. १९८६ च्या कायद्यामुळे तिथल्या जवळजवळ सगळ्या इमर्जन्सी विभागांना पैशांचं न बघता रुग्णाला तपासावं लागतं आणि धोक्याबाहेर आणावं लागतं. पण उपचार नाकारता येत नाहीत याचा अर्थ ते फुकट असतात असा नाही. तीन आठवड्यांनी पाकिटं यायला लागली. रुग्णालयाचं वेगळं, सर्जनचं वेगळं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं, स्कॅन वाचणाऱ्याचं वेगळं. आकडा इथे लिहीत नाही. इतकंच सांगते, की नवीन घरासाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं असतं आणि तरी पुरलं नसतं.

पुढे काय झालं ते खाली लिहीनच. विचारायचं आहे ते हे : परदेशी राहणारे आपण सगळे कुठला विमा चांगला याची चौकशी महिनोन् महिने करतो. पण तो कुठल्या तारखेला सुरू होतो आणि कुठल्या तारखेला संपतो, हे किती जण बघतात? तुम्ही राहता त्या देशात या मधल्या दिवसांची काय व्यवस्था आहे? कृपया नियम नीट माहीत असेल तेवढंच लिहा, ऐकीव नको.

---

ओंजळ
वाचून पोटात गोळा आला. आता ते बरे आहेत ना?

मी नेदरलँड्समध्ये आहे. इथे प्रकार बरोबर उलटा आहे. इथे राहायला किंवा काम करायला आल्यापासून मूळ आरोग्यविमा घ्यायला चार महिन्यांची मुदत असते, आणि त्या मुदतीत घेतला तर तो पहिल्या दिवसापासून लागू धरतात. हप्ताही अर्थातच पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो. आमच्या ओळखीचे एक जण म्हणत होते, चार महिने आहेत तर चौथ्या महिन्यात घेऊ, तेवढेच पैसे वाचतील. वाचत काहीच नाही, मागचे सगळे हप्ते एकदम भरावे लागतात. मुदत टळली तर मधल्या काळातला खर्च तुमचा, शिवाय सरकारी पत्रं आणि दंड.

स्वित्झर्लंडमध्ये बहिणीला तीन महिने मिळाले होते. तिथेही मुदतीत घेतलं तर आल्या दिवसापासून संरक्षण. मुदतीनंतर घेतलं तर घेतल्या दिवसापासून, आणि वर जादा हप्ता.

---

दीपस्तंभ
चांदणवेल, अमेरिकेत नोकरी सुटल्यावर जुन्या कंपनीचा विमा चालू ठेवू देणारा 'कोब्रा' नावाचा कायदा आहे. तुमच्या बाबतीत तो लागू नव्हता कारण जुनी नोकरी दुसऱ्या देशातली होती. पण अमेरिकेतल्या अमेरिकेत नोकरी बदलणाऱ्यांनी 'कोब्रा' समजून घ्यावं. इतक्या वर्षांत मी बघतोय, निम्म्या लोकांना ते महाग आहे एवढंच माहीत असतं.

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात, की तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो. कंपनीचा वाटाही आता तुम्हीच भरायचा आणि वर दोन टक्के खर्च, म्हणजे एकूण १०२ टक्क्यांपर्यंत हप्ता. म्हणून महाग. पण खरी गोम निर्णयाच्या मुदतीत आहे. हो की नाही ते ठरवायला निदान ६० दिवस मिळतात, आणि हो म्हटलंत तर विमा संपल्या दिवसापासून मागे जाऊन लागू होतो. म्हणजे दोन नोकऱ्यांत पाच आठवड्यांचं अंतर आहे आणि काही झालं नाही, तर एक पैसा न भरता पुढे जाता. काही झालंच, तर त्या वेळी अर्ज भरायचा आणि मागचे हप्ते चुकवायचे. ती नोटीस येते ते पाकीट फेकू नका. त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहा.

आणि एक ३० दिवसांची तारीख. बाळ झालं की ३० दिवसांच्या आत कंपनीच्या विम्यात त्याचं नाव घाला, म्हणजे ते जन्माच्या दिवसापासून धरतात. बाळंतिणीच्या घरात ३० दिवस कसे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी हे काम आपल्याकडे घ्यावं.

---

रानवारा
जपानचं सांगतो. कंपनी सोडली की १४ दिवसांच्या आत आपल्या वॉर्डच्या किंवा गावाच्या कचेरीत जाऊन राष्ट्रीय आरोग्यविम्यात नाव घालायचं. नाहीतर जुन्या कंपनीचाच विमा स्वतः पूर्ण हप्ता भरून दोन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो, पण त्याचा अर्ज २० दिवसांत गेला पाहिजे. एकविसाव्या दिवशी गेलात तर नम्रपणे वाकून नाही म्हणतील. उशिरा नाव घातलं तरी हप्ता मागच्या तारखेपासूनचाच घेतात, मधले उपचार मात्र स्वतःच्या खिशातून करावे लागू शकतात.

बाकी जपानची व्यवस्था मला मनापासून आवडते. बहुतेकांना ३० टक्के भरायचे, आणि महिन्याचा खर्च उत्पन्नानुसार ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर वरचे पैसे परत मिळतात. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर त्या मर्यादेची व्यवस्था आधीच करून ठेवावी, म्हणजे रुग्णालयात तेवढेच भरावे लागतात.

---

कुंपणवेल
मी अजून तिशीचा आहे, ब्रिटनला निघतोय. तीन वर्षांच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार म्हणून ३,१०५ पौंड एकदम भरले. एवढे भरल्यावर वेगळा विमा कशाला, असं वाटतं. आणि खरं सांगायचं तर तरुण, धडधाकट माणसाने विम्यावर पैसे घालणं हेच मला पटत नाही.

---

सांजवात
कुंपणवेल, पहिल्या अर्ध्याशी मी बरीचशी सहमत आहे. १,०३५ पौंड दर वर्षाला हा दर फेब्रुवारी २०२४ पासून आहे, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६. तो भरल्यावर तुम्ही बहुतांशी तिथल्या रहिवाशासारखेच एनएचएसचे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचे, रुग्ण. वेगळा विमा नसला तरी चालतं. पण पैसे भरले म्हणजे डॉक्टर मिळाला असं होत नाही. राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं. ते आजारी पडल्यावर नाही, पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात करा. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. काउंटरवर कोणी मागितला आणि तुमच्याकडे नसेल, तर हे शांतपणे सांगा. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये पडत नाहीत. दात आणि चष्मा यांचा खर्च वेगळा धरा.

दुसऱ्या अर्ध्याशी अजिबात सहमत नाही. चांदणवेलच्या नवऱ्याचं अपेंडिक्स वय विचारून दुखलं नव्हतं.

---

चांदणवेल
ओंजळ, तो आता अगदी बरा आहे. विचारलंस, बरं वाटलं.

कुंपणवेल, मला तुझा राग आला नाही. मीही असाच हिशोब केला होता. महिनाभराची प्रवाशांसाठी असते तशी साधी वैद्यकीय पॉलिसी घेतली असती, तर नव्याने उद्भवलेलं असं दुखणं तिच्यात बसलं असतं. मी विमा घेतला नाही तो महाग होता म्हणून नाही, तर दिवस थोडे होते म्हणून. हे मला अजून बोचतं.

---

पाणकणीस
आखातातून लिहितोय. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने कर्मचाऱ्याचा विमा मालकाने काढायचा असतो आणि हप्त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. बायको, मुलं, आईवडील तुमच्या प्रायोजकत्वावर असतील तर त्यांचा विमा तुम्ही. १ जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतही नोकरदारांसाठी सक्ती आली, आता सगळ्या सातही ठिकाणी विमा आहे.

पण 'आहे' या शब्दावर थांबू नका. सगळ्यात खालच्या पातळीच्या पॉलिसीत ठरावीक दवाखाने असतात आणि तिथूनच चिठ्ठी घेऊन पुढे जावं लागतं. माझ्या सोबत राहणाऱ्या एका मित्राने छातीत दुखतंय म्हणून टॅक्सी करून जवळचं मोठं रुग्णालय गाठलं. इमर्जन्सी म्हणून पहिला दिवस मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी रुग्ण स्थिर आहे, आता यादीतल्या रुग्णालयात हलवा, असा विमा कंपनीचा फोन. हलवायला आम्ही उशीर केला आणि त्या उशिराचं बिल आमच्यावर आलं. तेव्हापासून खोलीतल्या आठही जणांनी आपापल्या कार्डाचं नेटवर्क बघितलं आणि जवळच्या दोन रुग्णालयांची नावं दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवली आहेत. पुढच्या महिन्यात ज्याची पाळी येईल त्याला शोधत बसायला नको.

नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला, की विमाही त्याच्याबरोबर जातो. ज्यांची औषधं रोजची आहेत त्यांनी तारीख कळल्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन पुढच्या काळाची औषधं लिहून घ्यावीत.

---

निळी शाई
माझा प्रश्न आईबाबांचा आहे. दोघंही सहा महिने आमच्याकडे कॅनडात येणार आहेत. बाबांना रक्तदाब, आईला मधुमेह. नेटवर शंभर पॉलिसी दिसतात. कोणी अनुभवी सांगेल का?

---

दीपस्तंभ
निळी शाई, हे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

सुपर व्हिसा (आईवडील, आजीआजोबांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) असेल तर कमीत कमी एक वर्षाचा आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा विमा लागतोच. साध्या व्हिजिटर व्हिसावर सक्ती नाही, पण विम्याशिवाय आणू नका. एक लाखाला भुलूनही जाऊ नका. पॉलिसीत 'स्टेबल' हा शब्द कुठे आहे ते आधी शोधा. आधीपासूनचा आजार धरलेला असेल, तर तो पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक दिवस स्थिर असला पाहिजे, अशी अट असते. बऱ्याच ठिकाणी ९० किंवा १८० दिवस. स्थिर म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे. त्या काळात नवं औषध नको, डोस बदललेला नको, नवी तपासणी सुचवलेली नको. डोस कमी केला तरीही पुष्कळ पॉलिसींत तो बदलच धरतात! निघण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ म्हणून आपण त्यांना नेतो, डॉक्टर रक्तदाबाची गोळी सहज बदलतात, आणि तिथेच अट मोडते. दाखवायचंच असेल तर सहा-सात महिने आधी दाखवा. अर्थात औषध बदलणं गरजेचं असेल तर विम्यासाठी ते टाळू नका. मग प्रवासाची तारीख पुढे ढकला.

अर्जातल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही त्यांच्या वतीने फोनवर विचारून भरणार असाल, तर औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो समोर घेऊन भरा. "काही नाही रे, एक छोटी गोळी आहे" हे वाक्य मी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय. ती छोटी गोळी रक्त पातळ करण्याची होती.

अमेरिकेत येणाऱ्यांसाठी दोन जातीच्या पॉलिसी असतात. एका जातीत प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, म्हणजे खोलीचे एवढे, सर्जनचे एवढे, वरचं सगळं तुमचं. त्या स्वस्त असतात आणि मोठ्या आजारात फार तोकड्या पडतात. दुसऱ्या जातीत डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची ठरलेली रक्कम, भरल्यावर कंपनी टक्केवारीने किंवा पूर्ण खर्च उचलते, पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत. दुसरीच घ्या. त्यातही जुन्या आजाराबाबत 'अचानक उद्भवलेला झटका' तेवढाच धरतात, आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार सुरू झालेले असले पाहिजेत. सकाळपर्यंत वाट बघू, हे तिथे महागात पडतं.

---

सांजवात
ब्रिटनला आईवडील पाहुणे म्हणून येणार असतील तर : जीपी आणि अपघात विभागातली तपासणी यांचे पैसे लागत नाहीत. पण रुग्णालयात दाखल करून घेतलं की पाहुण्यांना एनएचएसच्या दराच्या १५० टक्के आकारतात. अपघात विभागातून वॉर्डात ढकलत नेलेल्या खुर्चीबरोबर मीटर सुरू होतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ५०० पौंडांहून जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा नाकारू शकतात. म्हणून त्यांचाही विमा हवाच.

---

शिंपला
मी औषधनिर्माती आहे, तीन देशांत काम केलंय. विम्याचं इतरांनी छान लिहिलंय, म्हणून मी त्याच्या शेजारचं लिहिते.

औषधाचं दुकानातलं नाव परदेशात निरुपयोगी आहे. मूळ घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून न्या. त्यातही दोन-चार अपवाद लक्षात ठेवा. पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. एका घरात आजोबा आपलं पॅरासिटामॉल घेत होते आणि सून सर्दीसाठी अमेरिकेतलं ॲसिटामिनोफेनवालं औषध देत होती. चार दिवस दुप्पट डोस. यकृतावर बेतलं असतं.

रक्तातल्या साखरेचं मापही बदलतं. अमेरिकेत आणि जपानमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर. मिलिमोलला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम. निळी शाई, तुमच्या आई आल्या की कॅनडातल्या मीटरवर ७ बघून घाबरतील आणि साखर उतरली म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या घेतील. ते ७ म्हणजे १२६ आहेत. त्यांचंच मीटर आणि पुरेशा पट्ट्या सोबत आणायला सांगा. एचबीएवनसी (साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) हीही काही देशांत टक्क्यांत नसते, मिलिमोल प्रति मोलमध्ये असते, ७ टक्के म्हणजे ५३.

काही औषधं चिठ्ठी असली तरी विमानतळावर अडवतात. अमिरातींत ट्रामाडॉल आणि कोडीनसाठी परवानगी लागते. जपानमध्ये एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) ॲम्फेटामीन असलेली औषधं पूर्ण बंद, आणि १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधंही.

आणि दुखण्याची भाषा. आपण म्हणतो चमक निघते, ठणका लागतो, कळ येते, मुरडा पडतो, जळजळतं, मुंग्या येतात. या प्रत्येक शब्दामागे वेगळं निदान असू शकतं. "पेन, पेन" म्हटलं की सगळं एक होऊन जातं. वडीलधाऱ्यांसोबत दवाखान्यात जाल तेव्हा आधी मराठीतच नीट विचारा, थांबून थांबून दुखतंय की सतत, आत दुखतंय की वर, आणि मग डॉक्टरांना सांगा. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना दुभाषा फुकट द्यावा लागतो, मराठीचाही मागा, बहुधा फोनवर मिळतो. घरातल्या लहान मुलाला दुभाषा करू नका. आजीचं गंभीर निदान नातवाच्या तोंडून आजीला ऐकवायची वेळ आलेली मी पाहिली आहे.

---

निळी शाई
शिंपलाताई, दीपस्तंभदादा, डोळ्यांत पाणी आलं. आईच्या गोळीचा डोस मागच्याच महिन्यात बदललाय. आज रात्री फोन करते.

---

गवतफूल
जर्मनीत कायमचं राहायचा विचार असणाऱ्यांसाठी थोडक्यात. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ साली ती ७३,८०० युरो होती) तर सरकारी विमा सोडून खासगी घेता येतो. तरुणपणी तो स्वस्त दिसतो. पण खासगीत घरातल्या प्रत्येकाचा वेगळा हप्ता. सरकारीत हप्ता उत्पन्नावर, आणि न कमावणारा जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात. ५५ वर्षांनंतर खासगीतून सरकारीत परतणं जवळजवळ अशक्य आहे. चाळिशीतल्या एका सहीवर सत्तरीतला हप्ता ठरतो. नोकरी सुटली तर सरकारी विम्याचे उपचार काही अटींवर जास्तीत जास्त एक महिना पुढे मिळतात, त्या महिन्याच्या आत पुढची सोय करा.

---

कुंपणवेल
अमेरिकेत संशोधनासाठी जे-१ व्हिसावर जाणाऱ्या मैत्रिणीला हा धागा पाठवला. तिच्या व्हिसाच्या नियमातच लिहिलंय : प्रत्येक आजाराला निदान एक लाख डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह परत न्यायला २५,०००, डिडक्टिबल ५०० च्या वर नको. शेवटून दुसरी रक्कम वाचून ती गप्प झाली होती. मीही. सांजवात, माझं ते वाक्य मी मागे घेतो.

चांदणवेल, पुढे काय झालं ते लिहिणार होतात.

---

चांदणवेल
हो, लिहिते.

पहिलं बिल आल्यावर मी कार्डाने भरायलाच निघाले होते. ऑफिसातल्या एका बाईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, आधी एकेका बाबीचं तपशीलवार बिल माग. त्यात एक तपासणी दोनदा लागलेली निघाली, ती त्यांनी वगळली. मग कळलं, की अमेरिकेत नफ्यासाठी न चालणाऱ्या रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि त्यासाठी अर्ज करता येतो. मी अर्ज मागितला. आमचा पगार बघून पूर्ण माफी मिळाली नाही, पण बिल बरंच उतरलं. उरलेल्याचे बिनव्याजी हप्ते करून दिले. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं बिल वेगळ्या कंपनीचं होतं, त्यांना वेगळं पत्र लिहावं लागलं, तिथे फार काही सुटलं नाही. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव मी वहीत लिहीत गेले, आणि दोनदा त्या वहीनेच वाचवलं.

हा धागा सुरू केला तेव्हा तीन हप्ते राहिले होते. शेवटचा काल भरला. नवऱ्याला पुढच्या महिन्यात दुसरीकडे नोकरी लागते आहे. त्याच्या कंपनीचा विमा पहिल्या दिवसापासून आहे असं त्यांनी तोंडी सांगितलंय, आणि आम्ही ते लेखी मागितलंय.

---

निळी शाई
आईची तिकिटं बदलली. आता डोस बदलून पुरते १८० दिवस झाल्यावरच निघतील. बाबा थोडे हिरमुसलेत. त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी घटकांच्या नावांसह आज फोनवर लिहून घेतली, त्यात दोन गोळ्या अशा निघाल्या ज्या मला माहीतच नव्हत्या.